पोथी बाजूला ठेवली तर काय हाती लागते?

बायबल बाजूला ठेवले, तर येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला याला काही पुरावा आहे का? हा प्रश्न श्रद्धा असणारेही विचारतात आणि नसणारेही. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. एकाला वाटते, रोमच्या दफ्तरात कुठेतरी सगळी हकिगत लिहिलेली असणारच. दुसऱ्याला वाटते, पोथीबाहेर काही नाही म्हणजे माणूसही नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या का चुकतात हे पाहायला जेरुसलेमपर्यंत जाण्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात थांबणे सोयीचे आहे. हाच प्रश्न इथे वेगळ्या नावांनी उभा आहे: वीर बाबूराव शेडमाके, खांडक्या बल्लाळशाह, पारी कुपार लिंगो. यांच्यातला एक माणूस जवळच्या काळातला आहे, एक मधल्या काळातला, आणि एक इतका दूरचा की त्याच्यापर्यंत कुठलाच कागद पोहोचत नाही.

१. प्रश्न एक नाही, तीन आहेत

पहिला प्रश्न असा: हा माणूस होता का? दुसरा: त्याने काय केले, काय सांगितले? तिसरा: तो देवाचा पुत्र होता का, अवतार होता का? पहिल्या दोन प्रश्नांवर इतिहासाला बोलता येते. तिसऱ्यावर त्याच्याकडे बोलण्याचे साधनच नाही. या विषयावरचे बरेचसे भांडण तिसऱ्याचे उत्तर पहिल्यात शोधल्यामुळे होते. माणूस होऊन गेला हे सिद्ध झाले म्हणून श्रद्धा सिद्ध होत नाही, आणि एखादी कथा इतिहासाला पटली नाही म्हणून माणूस नाहीसा होत नाही.

आता पुरावा कोणत्या प्रकारचा असतो ते पाहू. समजा, मूल तालुक्यातल्या एका घरातल्या मुलीला पणजोबांविषयी जाणून घ्यायचे आहे. तलाठ्याकडे सातबारा मिळेल, फेरफार मिळेल: नाव, शेताचा नंबर, आकार, कर्जाचा बोजा, वारसांची नोंद. घरात आजी आहे. ती सांगेल की पणजोबा कसे बोलायचे, कोणावर रागवायचे, दुष्काळात त्यांनी कोणाच्या घरी धान पोचवले. सातबारा खोटे बोलत नाही, पण त्याला पणजोबांविषयी जवळपास काहीच ठाऊक नसते. आजीला सगळे ठाऊक असते, पण तिची माया तिच्या सांगण्यात मिसळलेली असते. पणजोबांचा खरा शोध घ्यायचा तर दोन्ही लागतात, आणि दोघांनाही वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात.

२. चांद्याचा तुरुंग, २१ ऑक्टोबर १८५८

बाबूराव शेडमाके हे अहेरीच्या मुलखातल्या मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार. त्यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूरला झाला असे मानले जाते. १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगण्यात इंग्रजांविरुद्ध उठाव केला. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंड आणि रोहिले असे मिश्र सैन्य उभे राहिले. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन त्यांच्या मागावर होता. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. पुढे क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला, बाबूराव पकडले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरला निसटले. १८६० मध्ये तेही सापडले आणि त्यांना जन्मठेप झाली.

यातला बराचसा तपशील इंग्रजांच्या महसुली अहवालांत आणि गॅझेटिअरात आहे. म्हणजे ज्यांनी फाशी दिली, त्यांच्याच कागदांत. त्या कागदांना बाबूरावांविषयी कणव नाही. ते त्यांना बंडखोर म्हणतात, लुटारू म्हणतात. गावोगावच्या गोंडी गाण्यांत आणि कथांत मात्र बाबूराव वीर आहेत, दैवी शक्ती लाभलेले आहेत. चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळापाशी दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक जमतात. २००९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आता दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या तर काय दिसते? नाव एकच, मुलूख एकच, उठाव एकच, शेवट एकच. वैऱ्याचे दफ्तर आणि भक्ताचे गाणे जिथे एकमेकांना विचारल्याशिवाय एकच गोष्ट सांगतात, तिथे जमीन पक्की असते. इतिहासकारांचा हा पहिला नियम, आणि तो समजायला कुठल्याही विद्यापीठात जावे लागत नाही. गावच्या पंचायतीतही विरोधी बाजूच्या माणसाने दिलेली कबुलीच जास्त वजनदार ठरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या वर्षी या जंगलात शेकडो गावे होती, शेकडो पाटील होते, भुमके होते, जमीनदार होते. त्यांतल्या बहुतेकांच्या नावाने एक ओळही कुठे नाही. बाबूराव दफ्तरात आले ते तारखात्याची दोन माणसे मेली म्हणून, सरकारचा परगणा हातचा जायची वेळ आली म्हणून. ते कसे हसत, कोणाशी कसे वागत, जंगलातल्या पोरांना त्यांनी कसे गोळा केले, यातले काहीही कागदाला नको होते. राज्यसत्ता माणसाची दखल घेते ती तो तिला धडकतो त्या क्षणी. म्हणून कागदात अशा माणसाचे मरण सापडते आणि जगणे सापडत नाही. पोथीबाहेरचा येशू शोधताना हे ध्यानात ठेवावे लागेल.

३. ससा, कोट आणि ऐंशी वर्षांचे राज्य

थोडे मागे जाऊ. चंद्रपूर कसे वसले? कथा सर्वांच्या ओळखीची आहे. बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगावर फोड होते. शिकारीला गेला असता झरपटीच्या पात्रातल्या पाण्याने तो बरा झाला आणि तिथे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. मग एके दिवशी कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. ससा कुत्र्याला पळवतो हे नवल पाहून, ते दोघे ज्या वाटेने धावले त्या वाटेवर राजाने नगराचा कोट बांधायला घेतला.

कोट आजही उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर हे दरवाजे रोजच्या रहदारीत आहेत. सशाचे काय? कुत्र्याला पळवणारा ससा अहमदाबादच्या स्थापनेच्या कथेतही आहे आणि विजयनगरच्याही. ही कथा गावोगाव फिरलेली आहे. जिथे नवे नगर वसले तिथे ती मुक्कामाला आली, कारण ती सांगते की ही भूमी शूर आहे, इथे दुबळाही बलवंताला भिडतो. कथा फिरती निघाली म्हणून कोट खोटा ठरत नाही आणि कोट खरा म्हणून ससा खरा ठरत नाही. येशूच्या जन्मकथेतला तारा, किंवा थोर पुरुषांच्या जन्मकथांत ठिकठिकाणी आढळणाऱ्या खुणा दाखवून ‘म्हणजे माणूसच बनावट’ असे म्हणणारे लोक सशावरून कोट पाडायला निघालेले असतात.

आता एक छोटे गणित. मेजर लूसी स्मिथ याने १८६९ च्या सुमारास चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीच्या वेळी गोंड राजांची वंशावळ स्थानिक परंपरेतून लिहून घेतली. तिच्यात इ.स. ८७० पासून १७५१ पर्यंत ८८१ वर्षांत एकोणीस नोंदी आहेत. म्हणजे एका नोंदीला सरासरी शेहेचाळीस वर्षे! त्यातही बाबजी बल्लाळशाह १४४२ ते १५२२, म्हणजे ऐंशी वर्षे, आणि त्यानंतरचा धुंड्या रामशाह १५२२ ते १५९७, म्हणजे पंचाहत्तर वर्षे. लागोपाठ दोघांनी मिळून दीडशेहून अधिक वर्षे राज्य करावे, हे मानवी आयुष्याच्या मापात बसत नाही.

मग यादी रद्द करायची का? इथे बाहेरचा साक्षीदार मदतीला येतो. अकबराच्या दरबारातला अबुल फजल सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’ लिहीत होता. त्यात चांद्याच्या गोंड राजाची नोंद आहे: नाव बाबजी, पदरी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ. हिऱ्यांच्या खाणीचे वैरागड त्याच्या ताब्यात. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. अबुल फजलने लूसी स्मिथची यादी पाहिलेली असणे शक्य नाही आणि यादी सांगणाऱ्यांनी आईन वाचलेली असण्याची शक्यता कमीच. नाव जुळले आणि गादी जुळली, तारीख मात्र किमान सत्तर वर्षांनी चुकली. लोकस्मृतीचा हा स्वभाव अनेक ठिकाणी दिसतो. ती नावे टिकवते, नाती टिकवते, आणि वर्षे ताणते.

४. रोमचे दफ्तर

एवढी तयारी झाल्यावर येशूकडे वळू. पहिली अपेक्षा अशी असते की येशूला देहदंड देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या कचेरीतला खटल्याचा कागद मिळावा. तसा कागद नाही. त्या प्रांतातले त्या काळचे कचेरीचे दफ्तरच उरलेले नाही. येशूचाच काय, त्याच्याबरोबर क्रूसावर गेलेल्या कोणाचाही कागद उरलेला नाही. खुद्द पंतय पिलात दहा वर्षे, इ.स. २६ ते ३६, यहूदियाचा सुभेदार होता. त्याच्याविषयी फायलो आणि जोसेफस लिहितात, त्याची नाणी सापडतात. पण त्याच्या नावाचा शिलालेख १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात सापडला, तोही प्रेक्षागृहाच्या पायरीत पुन्हा वापरलेल्या एका दगडावर. सुभेदाराची ही गत, तर गालीलमधल्या एका सुताराच्या नावाचा दगड कोण कोरणार?

तरीही बाहेरचे साक्षीदार आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ११६ च्या सुमारास लिहिले की, इ.स. ६४ मध्ये रोम जळाले तेव्हा सम्राट नीरोने दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला, आणि या पंथाला ज्याच्यावरून नाव मिळाले त्या ख्रिस्ताला टायबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला होता. टॅसिटसला हा पंथ घातक वेडगळपणा वाटतो. भक्ती नाही, सहानुभूती नाही: म्हणजे क्रिक्टनच्या बाजूचा माणूस. एक बारकावा मात्र बोलका आहे. टॅसिटस पिलाताला जे पद देतो ते नंतरच्या काळात रूढ झालेले. कैसरियाच्या दगडावर वेगळे, जुने पद आहे. म्हणजे टॅसिटसने त्या काळचा मूळ कागद उघडून पाहिला नसावा. रोममध्ये जे सर्वांना ठाऊक होते ते त्याने लिहिले. साक्ष उपयोगी आहे, पण ती ऐकीव आहे, आणि तिचे मोल तेवढेच धरावे.

दुसरा साक्षीदार जोसेफस. हा ज्यू सेनानी रोमनांविरुद्ध लढला, पकडला गेला आणि पुढे रोममध्ये राहून त्याने आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. इ.स. ९३-९४ च्या त्याच्या ग्रंथात येशूचा उल्लेख दोनदा येतो. एक उल्लेख ओझरता आहे: इ.स. ६२ मध्ये मुख्य याजक अनानस याने ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’ याकोब याला दगडांनी मारवले. येशू इथे केवळ ओळख पटवण्यापुरता येतो, म्हणूनच ही साक्ष मोलाची आहे. दुसऱ्या उल्लेखात मात्र येशू हाच ख्रिस्त होता, तो तिसऱ्या दिवशी जिवंत झाला, अशी वाक्ये आहेत. ख्रिस्ती न झालेला ज्यू असे लिहील का? तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन स्पष्ट सांगतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणून बहुतेक अभ्यासकांचे मत असे आहे की मूळ परिच्छेद जोसेफसचा आहे आणि त्यात पुढच्या ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली. दहाव्या शतकातल्या एका अरबी इतिहासात याच परिच्छेदाचे सौम्य रूप आढळते. १९७१ मध्ये श्लोमो पिनेस या अभ्यासकाने त्याकडे लक्ष वेधले.

इ.स. ११२ च्या सुमाराचे आणखी एक पत्र आहे. बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला विचारतो की या ख्रिस्ती लोकांचे काय करावे. ते पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असे तो कळवतो. हे पत्र पंथाविषयी सांगते, माणसाविषयी नाही.

झाले. बाहेरून जे मिळते त्यातले मुख्य एवढेच: येशू नावाचा ज्यू, याकोब नावाचा भाऊ, काही अनुयायी, पिलाताच्या काळात क्रूसावर मृत्यू, आणि मृत्यूनंतरही न विझलेला पंथ. हा येशूचा सातबारा. कमी वाटेल, पण बाबूरावांच्या दफ्तराशी ताडून पाहा. तिथेही राज्याने जे टिपले ते मरणाभोवतीचेच होते. हा माणूस होऊन गेला याविषयी विद्यापीठांत शिकवणाऱ्या इतिहासकारांत आज गंभीर वाद नाही. त्यात ख्रिस्ती आहेत, ज्यू आहेत, कुठलाच धर्म न मानणारेही आहेत.

५. पोथीची उलटतपासणी

मग येशूचे जगणे? त्यासाठी पोथीकडेच यावे लागते. इथे अनेकजण अडखळतात. त्यांना वाटते की पोथी वापरली म्हणजे श्रद्धेला शरण गेलो. तसे नाही. पोथी ही सुद्धा साक्ष आहे. तिला साक्षीदारासारखे उभे करून प्रश्न विचारता येतात.

आधी हे पाहायचे की साक्षीदार कितपत जवळचा आहे. महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, लीळा गोळा केल्या. हे काम इ.स. १२७८ च्या सुमाराचे, म्हणजे आठवण ताजी असतानाचे. लीळाचरित्रात येणारे रामदेवराव आणि हेमाद्री यादवकाळच्या इतर साधनांतही भेटतात. ही त्या ग्रंथाची बाहेरची टेकणी. येशूच्या बाबतीत सर्वांत जुने लिखाण पौलाच्या पत्रांचे, इ.स. ५० नंतरच्या दशकातले. पौल आधी या पंथाचा छळ करणारा होता. तो लिहितो की जेरुसलेमला जाऊन तो पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. हाच याकोब जोसेफसकडेही आहे. मार्कचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपासचे. मत्तय आणि लूक त्यानंतरचे. योहानाचे बहुधा शतकाच्या अखेरचे. म्हणजे मार्कपर्यंत चाळीस वर्षे. लीळाचरित्राहून लांब, पण चांद्याच्या वंशावळीहून फारच जवळ.

पुढचा प्रश्न: साक्षीदार स्वतःला अडचणीचे काही सांगतो का? बाप्तिस्म्याची कथा घ्या. योहान नावाचा एक तपस्वी यार्देन नदीत लोकांना पापक्षालनासाठी स्नान घालत असे. त्याचा उल्लेख जोसेफसही करतो. येशूने त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. आता ज्याला निष्पाप मानायचे त्याने पापक्षालन का करून घ्यावे, आणि श्रेष्ठाने कनिष्ठाच्या हातून का घ्यावे? मार्क ही गोष्ट सरळ सांगून टाकतो. मत्तयामध्ये योहान आधी नको म्हणतो: मीच तुझ्या हातून घ्यायला हवा. लूक योहानाला तुरुंगात टाकल्याचे आधी सांगतो आणि बाप्तिस्मा नंतर, त्यामुळे तो कोणाच्या हातून झाला हे मागे पडते. चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो, पण बाप्तिस्म्याचा प्रसंगच नाही. चारही पाठ ओळीने ठेवले की दिसते, गोष्ट अडचणीची होती आणि टाळता येत नव्हती. कोणी मुद्दाम रचावी अशी ती नाही, म्हणून ती घडली असण्याची शक्यता फार मोठी. बाबूरावांच्या कथेतही असेच एक दुखरे ठिकाण आहे. त्यांना पकडून देणारा हात अहेरीच्या राजगोंड घराण्याचा होता. समाजाच्या आठवणीने हे लपवले नाही. सरकारी कागदही सांगतो की व्यंकटरावांची जप्त केलेली सदुसष्ट गावे लक्ष्मीबाईंना मिळाली.

उलटतपासणीत पोथी नापासही होते. लूक म्हणतो की हेरोद राजाच्या दिवसांत, क्विरिनियसच्या शिरगणतीच्या निमित्ताने योसेफ आणि मरिया बेथलेहेमला गेले. हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला. क्विरिनियसची शिरगणती इ.स. ६ ची. दोन्हींत नऊ-दहा वर्षांचे अंतर. नावे खरी, शिरगणती खरी, वर्षे बसत नाहीत: बाबजी बल्लाळशाहाच्या यादीत दिसले तेच इथेही. येशू नासरेथचा हे सगळीकडे आहे आणि त्या काळी त्यात काही मोठेपणा नव्हता, म्हणून ते भरवशाचे. बेथलेहेमचा जन्म जुन्या भविष्यवाणीशी नेमका जुळतो, म्हणून तिथे इतिहासकार सावध होतो. भाविकाने ते मानू नये असा याचा अर्थ नाही. न्यायाधीशाने ज्या पुराव्यावर निकाल द्यायचा, तो इथे अपुरा आहे एवढेच.

या पद्धतीलाही धोके आहेत. १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झर यांनी त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांतली येशूचरित्रे तपासली आणि दाखवून दिले की ज्याला जसा येशू हवा होता तसाच त्याला सापडला. नीतिवाद्याला नीतिशिक्षक, सुधारकाला सुधारक. पोथीतून काय गाळायचे हे ठरवणारा स्वतःच्या आवडीने गाळत असेल, तर उरणारा माणूस त्याच्याच चेहऱ्याचा निघतो. बाबूरावांच्या बाबतीतही आजचे लेखक हा मोह नेहमी आवरतात असे नाही.

६. जिथे पिलात नाही

आता या पट्ट्यातल्या सर्वांत कठीण नावाकडे. पारी कुपार लिंगो हे गोंड धर्माचे, कुळव्यवस्थेचे, पेनपूजेचे म्हणजे देवपूजेचे प्रवर्तक. त्यांची कथा गोंडांच्या कथा गाणाऱ्या प्रधान समाजातल्या गायकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती कागदावर आणणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक होता स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. तो नागपूर-चांद्याच्या खडकांतले जीवाश्म गोळा करी आणि त्याच निष्ठेने गोंडी गाणीही उतरवून घेई. १८६३ मध्ये बोरीजवळ नदी ओलांडताना तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये छापले. त्यात प्रधानाकडून घेतलेले लिंगोचे गीत आहे.

त्या गीतात गोंडांना महादेव गुहेत कोंडतो. फुलातून जन्मलेला लिंगो चार भावांना भेटतो, त्यांच्यासोबत राहतो, त्यांच्या बायकांच्या खोट्या आरोपावरून त्यांच्याच हातून मारला जातो, भगवानाने पाठवलेल्या अमृताने पुन्हा उठतो, कोंडलेल्यांना सोडवतो, त्यांची कुळे लावून देतो, देवपूजा शिकवतो आणि निघून जातो. निरपराध्याचा वध आणि पुन्हा उठणे: एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हे गीत उतरवताना त्याच्या मनात काय आले असेल, याचा विचार वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. गीतातले महादेव आणि भगवान मूळचे की सांगणाऱ्या प्रधानाच्या, लिहिणाऱ्याच्या काळातले, हा प्रश्न आज अनेक गोंडी अभ्यासक विचारतात. जोसेफसच्या परिच्छेदाला विचारला जातो तोच हा प्रश्न आहे, आणि तितक्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी लिंगोंवर आणि गोंडी पुनेमवर, म्हणजे गोंड धर्मावर, स्वतंत्र ग्रंथ लिहून हीच कथा आतल्या माणसाच्या नजरेने मांडली.

मग ऐतिहासिक लिंगो सापडतात का? इथे पिलात नाही. गीतात असा एकही राजा नाही ज्याचा शिलालेख शोधता येईल. वैऱ्याचे दफ्तर नाही, कारण कथेतले वैरी देव आहेत किंवा भाऊ आहेत. अबुल फजल नाही. सनावळी कुठे टेकवावी अशी एकही खुंटी नाही. म्हणून इतिहासाला इथे हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. याला कोणी लिंगोंचा पराभव म्हणू नये. कागद ज्यांच्याकडे होता त्यांच्याच पूर्वजांना इतिहास मिळाला, आणि जंगलातल्या समाजांचे पूर्वज ‘दंतकथा’ या कप्प्यात टाकले गेले. हा अन्याय जुना आहे. कागद नसणे हा माणूस नसल्याचा पुरावा कधीच नव्हता.

तरी काम थांबत नाही. प्राणहिता-वर्धेपलीकडे आदिलाबादमध्ये क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात राजगोंडांच्या कथा नोंदवल्या आणि १९४८ मध्ये त्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथेही पहांडी कुपार लिंगल आहे, गुहेत कोंडलेले पूर्वज आहेत, त्यांची सुटका आहे, चार-पाच-सहा-सात देवांच्या शाखांत केलेली वाटणी आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत सांगितल्या जाणाऱ्या कथेत जंगो रायताड आहे आणि किंगरी वाजवत शिळा हलवणारा हिरासुका पाटारी आहे. जिवती-राजुऱ्याकडचे गोंड पूस महिन्यात राज्याच्या सीमेवरच्या जंगूबाईच्या गुहेकडे जातात, तिथेही याच कथेचा धागा आहे. नागपूरचा एकोणिसाव्या शतकातला पाठ, आदिलाबादचा विसाव्या शतकातला, कचारगडचा आजचा: चार शुभवर्तमाने ओळीने ठेवतात तसे हे ओळीने ठेवता येतात. जे सगळीकडे आहे ते जुने, जे एकाच ठिकाणी आहे ते त्या ठिकाणचे. गुहा, सुटका आणि कुळांची वाटणी सगळीकडे आहे. त्यातून एका माणसाचे नाव-गाव मिळेलच असे नाही. पण एका समाजाला आपण एकेकाळी कोंडले गेलो होतो आणि कोणीतरी आपल्याला मोकळे करून नात्यांची घडी लावून दिली, ही आठवण किती जुनी आहे, याचा माग लागू शकतो.

त्यासाठी एटापल्ली, भामरागड, कोरची, जिवती इथल्या म्हाताऱ्या प्रधानांकडून प्रत्येकाचा पाठ, त्याच्याच गोंडीत, जशाचा तसा उतरवून घ्यावा लागेल. हिस्लॉपने गाठला होता तसा एक गायक पुरणार नाही. पाठ जितके जास्त, तितकी तुलना पक्की.